बसस्टँडच्या भिंतीवर उदगीर

साहेब म्हणाले, पाखराला दिसतं तसं गाव काढा,
किल्ला जरा मोठा. बाहेरची माणसं येतात.
मुनीरोद्दीन पेंटर पाण्याच्या टाकीवर चढले,
मागं मी, वही आणि पेन्सिली घेऊन.
वरून उदगीर म्हणजे
पत्रे, पत्र्यांवर दगड, काळ्या टाक्या,
एका गच्चीवर वाळत घातलेल्या शेवया.
घराला तोंडच नाही.

उतरल्यावर पेंटर बराच वेळ गप्प.
मग बिडी विझवून म्हणाले,
छपरावरून घर कोण ओळखतं रे?
आणि घरं जराशी कलती केली,
काट्याकडं बघताना सोनार मान करतो तशी,
म्हणजे छप्परही दिसावं, दारही, पायरीही.
असं कुठूनच दिसत नाही. घारीलाही नाही.
पण त्या भिंतीवरच मला कळलं,
चौबाऱ्यापासून शाळा किती जवळ होती
आणि आम्ही रोज किती लांबून जायचो.

गल्ल्यांसाठी मन्मथअप्पा आला,
नळाचे व्हॉल्व्ह सोडणारा.
त्याला गाव खालून पाठ.
इथं पाइप वळतो, म्हणायचा,
म्हणजे गल्लीही वळली.
पेंटर वरून, अप्पा खालून,
मधे कुठंतरी रेघ पडायची.

उद्घाटनाच्या नारळाचं पाणी रेल्वे स्टेशनवर उडालं.
लोक बोटानं आपापलं दार शोधू लागले,
आमचं हिरवं, निळं का केलं, म्हणून भांडले.
महिन्याभरात छपरांवर बॉलपेननं अक्षरं उगवली:
मंगळ. शुक्र. गुरू, पहाटे.
आज पाणी कोणाला, विचारत अप्पाच्या दारात जाणारी माणसं
आता बसस्टँडवर यायची,
कुठंच जायचं नसताना.

साहेब तापले. नकाशाची पाटी केली म्हणाले.
पेंटरांनी त्याच रात्री बारीक ब्रश घेतला
आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं
तीच अक्षरं गिरवली. वेलांट्या तेवढ्या सुधारल्या.

आमची गल्ली मात्र त्यात नव्हती.
साहेबांच्या मोठ्या किल्ल्याआड गेली ती,
सत्तावीस घरांसकट.
आई बाजाराहून येताना भिंत बघून यायची
आणि घागरी मोजायची.

परवा पाहिलं.
मधल्या बुरुजावर,
जिथं पेंटरांनी एकेक चिरा वेगळा काढलाय,
बॉलपेनचा बाण, टोकाशी वाकलेला.
खाली अप्पाचं अक्षर, अजून कुणी न सुधारलेलं:
याच्या मागं बी घरं हायत.
रवीवार.