नाव, वय, गाव

खिडकीच्या जाळीला हाताएवढं गोल भोक आहे.
त्यातून नाव येतं, मी लिहितो.
एकवीस वर्षं, पिंपळनेरचं ग्रामीण रुग्णालय,
बाहेर कडुलिंब, खाली चपलांचा ढीग.

जुनी माणसं सांगतात ते नुसतं नाव नसतं.
उखर्डू : आधीची तीन गेली,
म्हणून चौथ्याला उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं,
मरणाला वाटावं, टाकाऊ आहे.
सुपडू : सुपात घालून ओढला.
नथ्थू : नाक टोचून पोरगी म्हणून खपवला.
मी स्वतः भिका. आईनं पाच घरी पदर पसरला,
मूठमूठ दाण्यांच्या मोलानं मला घेतला.
माझ्या आधीच्या दोघांचा केसपेपर
कोणी काढलाच नव्हता.

ही नावं आता साठीच्या वरच उरली,
असं मी धरून चाललो होतो.
खाली सगळे आरुष, रुद्र, स्वरा.

मग एका सोमवारी, फळी पाडता पाडता,
भोकातून हात आला. हिरव्या बांगड्या, मूठ ओली.
वय? अठरा दिवस.
गाव? सावरीपाडा.
नाव?
"सुपडू."

माझं पेन तिथंच थांबलं.
"आधीना दोन गयात, भाऊ."
एवढंच. कोणी बसचा टाइम सांगावा तसं.

बसचंच तर आहे सगळं.
पाड्याची गाडी इथं टेकते साडेबाराला
आणि ओपीडी उठते साडेबाराला.
केसपेपर फुकट झाला;
भाडं जाऊन-येऊन एकशेवीस, वर बुडालेला रोज.
पहिलं बाळ घरून निघालंच नाही.
दुसरं निघालं, इथवर आलं,
तर खिडकीची फळी पडलेली.

फळी मीच पाडतो.

मॅडम हात धुऊन निघाल्या होत्या.
म्हटलं, अजून एक आहे.
वजन एक किलो नऊशे, छातीत घरघर.
त्यांनी पर्स ठेवली, पुन्हा ॲप्रन चढवला.

वेळ बदलावी म्हणून अर्ज केलाय.
वरून उत्तर यायचंय.
तोवर फळी दीडला पडते,
मॅडम डबा इथंच खातात,
आणि याबद्दल आम्ही दोघं काही बोलत नाही.

काल सुपडू तिसऱ्या लशीला आला. पाच किलो,
सुई टोचली तर दवाखाना डोक्यावर घेतला.
मी विचारलं, आता नाव बदलायचं का?
तिनं त्याचं टोपरं कानावर ओढलं :
"ऱ्हाऊ द्या. आजून धाकला शे."