उसनवारीची वही

गगनबावड्याच्या वर, धनगरवाड्यावर,
समाजमंदिराच्या पत्र्याखाली
एकोणीस डबे आहेत, गोडेतेलाचे, तोंड कापलेले.
किल्ली माझ्याकडं. वही पण.

ठकूबाई झोरे: शेरभर तांबडी नाचणी, उसनी.
सुगीला दोन शेर परत. अंगठा.
बमू बोडके: वरी, दीड मापटं.
आणलं नाही. गव्यांनी खाल्लं म्हणतो.
खरं असावं. त्याच्या पोरीला पुन्हा दिलं.

आश्रमशाळेत सहा वर्षं
ताटातल्या भाताला मी नाव विचारलं नव्हतं.
इथं भाताला नाव असतं,
कुठल्या खाचरातून आला ते असतं,
आणि कुणाची आई त्याला कसा पाखडायची, तेही.

शनिवारी पोरं येतात.
राखेत बी चोळतात, शिंकतात,
कुर्डू कुठला नि टाकळा कुठला यावर भांडतात.
फोडशी खुडताना मुळाला हात लागला
की ठकूबाई हातावर फटका देते:
"फुडच्या साली काय माती खाशील?"

परवा जोतिराम कोल्हापुरातून
नाचणीच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आला.
नव्वद रुपये. वर डोंगराचं चित्र.
आम्ही एकेक खाल्लं. गोड होतं, बरं होतं.
ठकूबाईनं चित्र उलटसुलट निरखलं, म्हणाली,
"ह्यात आपलं घर न्हाई काढलं."

डबा सतरा रिकामा आहे.
राळ्याचा. कुणाकडंच उरला नाही म्हणतात.
तरी वहीत एक पान सोडलंय,
आणि भुदरगडाकडं सोयरीक असलेल्या प्रत्येकाला
जाताना मोकळी पिशवी देते.