दोरीची खूण

तिकिटाच्या खोपटात बसतो मी, सिसियानच्या वरच्या माळावर.
वारा असा, की सुट्टे पैसे मुठीतच धरावे लागतात.
समोर दोनशेवर दगड. प्रत्येकावर पांढरा आकडा.
कुणी म्हणतं ही फौज उभी आहे, कुणी म्हणतं हे बोलणारे दगड.
माझ्याशी एकवीस वर्षांत एक चकार शब्द नाही.

त्यातल्या ऐंशीएकांना टोकाजवळ भोक आहे,
दोन बोटं जातील एवढं.
सगळं भांडण त्या भोकांचं.

हमायाक मास्तर शाळेतून सुटले ते इथंच येतात.
बगलेत वही, खिशात ओळंबा,
डोळा भोकाला असा लावतात
जसा शेजाऱ्याच्या दाराला लावावा.
"यातून हंसातला ठळक तारा उगवायचा.
त्यातून सूर्य, सगळ्यात मोठ्या दिवसाचा.
ही माणसं खुळी नव्हती, पारांझेम.
ज्याला पेरायचं असतं त्याला आभाळ वाचावंच लागतं."

पारांझेमबाई गुडघ्यांवर. हातात ब्रश, केसांत माती.
"मला खाली काय सापडतं? हाडं.
मडक्याचा काठ. कुणाच्या तरी गळ्यातले चार मणी.
मेलेल्यांना दुर्बिणीखाली कोण निजवतं?
आणि ऐंशी भोकं, हमायाक!
चाळणी धरली आभाळाकडे तरी एखादा तारा दिसतोच.
खाणीतून दगड ओढत आणले. भोकात दोरी ओवली. संपलं."

"मग एक भोक आतल्या आत वळलंय, ते?
दोरीला वळण कशाला?"

"दगड कलतो. दोन बोटं कलला
की तुमची दोन हजार वर्षं चुकतात."

"चुकू देत. ध्रुवसुद्धा तेव्हा ध्रुव नव्हता."

असं दुपारभर.
मग माझ्या खोपटात येऊन
एकच लवाश फाडून दोघं खातात, चीज आणि ओली तुळस घालून,
आणि मीठ जास्त झालं म्हणून मला बोलतात.

गेल्या उन्हाळ्यात साठ नंबरच्या भोकात
खालच्या काठावर बाईंना एक घासलेली खूण दिसली.
गुळगुळीत, बोटभर. बाजूला पट्टी धरून त्यांनी फोटो काढले.
"दोरीची आहे. बघा तुम्हीच."
मास्तरांनी बोट फिरवलं. परत फिरवलं.
काहीच बोलले नाहीत.

मीही बोललो नाही.

त्र्याण्णव साली वीज नव्हती. आम्ही गोठ्याचं दार जाळलं,
मग माझी वर्गातली पुस्तकं, भूगोल सगळ्यात शेवटी.
दार नाही, तर वासरू कुठं बांधायचं?
बर्फ उतरल्यावर मी त्याला इथं आणायचो.
तीन उन्हाळे, त्याच भोकात दोरी.
कपाळावर पांढरा ठिपका होता तिच्या,
म्हणून नाव आस्तघिक. चांदणी.
फार हिसके द्यायची.

आता कातळ तीन उन्हाळ्यांत झिजतो का, मला माहीत नाही.
विचारावं तर कुणाला? सांगितलं
तर बाईंचा पुरावा जातो.
नाही सांगितलं तर मास्तरांची वही जाते.
मी तिकीट फाडतो. पावती देतो.

यंदा मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
येरेवानचा डॉक्टर म्हणतो वसंतात बघू.
तरी आले, काठी टेकत, संध्याकाळी,
फाटक लावायची वेळ झाली होती.
साठ नंबरपाशी उभे राहिले, तोंड दगडाकडे, 
आणि बाईंना म्हणाले, तुम्ही बघा.

बाईंनी चष्मा काढला. टाचा उचलल्या.
खूप वेळ.
मला वाटलं आता खोटं बोलतील, म्हणतील एक तारा.

"ट्रक आहे," त्या म्हणाल्या. "गोरिसच्या रस्त्यावर.
चढ चढतोय. दिवा एकच चालू आहे, डावा."

मास्तरांनी वही उघडली. पेन्सिलीचं टोक जिभेवर धरलं.
"क्षितिजापासून किती अंश?"

आणि बाई, देवाशपथ,
भोकात डोळा तसाच ठेवून
बोटं लांब करून मोजायला लागल्या.