गाठ

नातवाने मोबाईल पुढे केला,
"आजी, तू व्हायरल झालीस."

व्हिडिओतले हात माझेच.
डाव्या अंगठ्याशी स्टोव्हचा डाग, बाहीला तीच निळी किनार.
पेठच्या शिबिरात कुणी हँडीकॅम आणला होता, आठवतंय.
वीस वर्षांनी तरुण मी
एका पोराच्या पोटरीवर सुती पट्टी आवळतेय.
"घट्ट. अजून घट्ट. विष वर चढता कामा नये."
खाली कुणीतरी लिहिलंय:
जीव वाचवणारी माहिती, दहा जणांना पाठवा.

आवाजात काय ती खात्री!
एवढ्या खात्रीने मी नंतर कधी
जेवायला बसा असंसुद्धा म्हटलं नाही.

आम्हाला तसंच शिकवलं होतं.
पुस्तकात चित्र होतं,
परीक्षेत पाच गुण.

देवचंद भोये तेव्हा अकराचा.
आवणीचे दिवस, बांधावर घोणस.
नवसू भगत माझ्याआधी पोचला,
राख लावली, काही पुटपुटला.
पाय मात्र त्याने बांधला नाही.
बांधला मी.

साडेतीन तास ती गाठ.
जीप मिळेपर्यंत,
कोटंबीच्या घाटात आडवा झालेला ट्रक निघेपर्यंत,
नाशिकला सिव्हिलच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत.
पोर रडायचं थांबलं
तेव्हा मला वाटलं, उतार पडला.

डॉक्टरांनी पट्टी कापली. पाय वांग्यासारखा.
"कुणी बांधलं हे?"
देवचंदच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणाली, "भगतानं."
केसपेपरवर तसंच उतरलं. अघोरी उपचार, विलंब.
लिहायला पेन मीच दिलं होतं.

गुडघ्याखालून पाय गेला.
त्यात विष किती आणि गाठ किती,
कुणाला सांगता आलं नाही.
मी रात्री हिशोब मांडते.
दर वेळी वेगळा आकडा येतो.

पुढे कितीतरी शिबिरांत मी तीच गोष्ट सांगितली,
अंधश्रद्धेचा बळी म्हणून.
नवसूचं नाव घेत नव्हते. सगळ्यांना कळायचं.
एकदा तो मागे बसला होता.
शेवटी त्यानेही टाळ्या वाजवल्या.

मग परिपत्रक आलं:
आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये,
अवयव हलू देऊ नये, तातडीने रुग्णालयात न्यावे.
आवक क्रमांक टाकला, सही केली, फाइलला लावलं.
पाड्यांवर ते गेलं नाही.
पाड्यांवर आधीच मी जाऊन आले होते.

आता गुडघे धरत एसटीने जाते.
समाजमंदिरात बायका बसलेल्या.
म्हटलं, तो व्हिडिओ माझा आहे आणि तो चूक आहे.
देवचंदचा पाय मी बांधला होता.
भगतानं नाही.

नवसू जाऊन सहा वर्षं झाली.
त्याची सून पुढेच होती, सुपात नागली घेऊन.
तिचे हात थांबले.
मग पुन्हा पाखडू लागली, जरा जोरात.

सोनकी गावित म्हणाली,
"तवा बी तू अशीच उभी होतीस, बाई.
आजचं किती वर्सं खरं?"

याचं उत्तर मला कुणी पाठ करून घेतलं नव्हतं.
"ठाऊक नाही," म्हटलं. "बदललं तर सांगायला येईन.
मी नसले तर ही येईल."
आशाताई दचकली, वहीतून मान वर काढली.

देवचंद दारात उभा होता, अंगावर गिरणीचं पीठ.
आत आला, खाली बसला,
जयपूरचा पाय माझ्यासमोर लांब केला.
"ह्याच्यावर दाखवा. ह्याला काही होत नाही."
कुणीतरी हसलं, आणि गप्प झालं.

मी बांबूची कामटी लावली, फडकं गुंडाळलं.
सांगत होते, पाय हलू नये एवढंच बांधायचं,
आत बोट सहज जायला हवं.
सांगता सांगता हाताने जुनंच केलं, गाठ आवळली गेली.

देवचंदने वाकून बोट घालून पाहिलं.
गेलं नाही.
काही न बोलता
त्याने ती सैल केली.