नगाला बारा

आठ नाही होणार, मत्सागर साहेब.
बारा.
का, ते सांगते. उभ्या उभ्याच ऐका,
तुमचं शटर पडायला अजून वीस मिनिटं आहेत.

पाणी माझं. अंबडच्या पॉइंटवर टाकी
एका रात्रीत दोनदा भरावी लागते.
डिझेल माझं, छोटा हत्ती माझा,
त्याचा हप्ता तर माझ्याशिवाय कुणाचाच नाही.
हा भाचा, प्रज्योत. रात्रीचे साडेचारशे
आणि पहाटेचे पोहे, तर्री घालून, दोन प्लेट.
लोक म्हणतात, नुसतं पाणीच तर मारायचं.

नुसतं पाणी मारलं की काय होतं
ते तुमच्या मागच्या ठेकेदाराने दाखवलंय.
ह्या बघा ट्रॉल्या, सळ्यांचं जस्त सोललंय.
शून्याचा नोझल लावला असणार गड्याने.
सुईसारखी धार. नाव-गाव काही ठेवत नाही.
मी पंचवीसचा लावते, पंख्यासारखा,
वीतभर लांबून, वरून खाली.

त्याआधी चाकं.
चाकांना पाणी कळत नाही.
चाकांत केस असतात, साहेब. लांब केस, दोरे,
साडीच्या फॉलचा तुकडा, चिकटपट्टी,
सगळं आकड्याने ओढायचं, खाली बसून.
एका ट्रॉलीला चार, तुमच्या ट्रॉल्या एकशे ऐंशी.
गुणाकार तुम्ही करा,
माझे गुडघे रोज करतात.

मग फेस.
मग दहा मिनिटं काहीच नाही.
त्या दहा मिनिटांचे पैसे कुणी देत नाही
आणि खरं काम तीच दहा मिनिटं करतात.

पूर्वी मी ओझरला द्राक्षाचे क्रेट धुवायचे.
क्रेट सोपे. एकच वास,
हंगाम संपला की तोही नाही.
ट्रॉलीला घराघरांचा वास.
पोरांच्या बैठकीत भिजून वाळलेलं बिस्कीट, दूध,
कधी त्याच्याही पुढचं.
जाळीत अडकलेल्या याद्या:
साबुदाणा अर्धा किलो, फिनेल,
दादांचे डायपर मोठे,
केक, छोटाच.
धार लागली की शाईची निळी रेघ
गटारीपर्यंत जाते.
गटारीला मी आधी गोणपाट लावते. हे लिहून घ्या,
महापालिकेचा माणूस आला तर दंड तुम्हाला.

साहेब हसले. दहा म्हणाले.
मी पाइप गुंडाळायला घेतला.
अकरा.
गुंडाळत राहिले, घाई न करता.
बरं, बारा, गांगुर्डे बाई. पण मोजून.

मोजून.
पहाटे साडेतीनला एकशे एकसष्ट भरल्या.
बाकीच्या एकोणीस कुठे, मी विचारलं नाही.
बिल एकशे एकसष्टचंच केलं,
प्रज्योतने सही घेतली, गुरख्याने टॉर्च धरला.

लेखानगरच्या पुलाखाली ठकूबाईची शेगडी पेटलेली.
शेगडी ट्रॉलीत. पातेलं, साखरेचा डबा,
आल्याचा दगड, कप, सगळं ट्रॉलीत,
वर खताच्या पिशवीचं छप्पर.
लाल दांडा. दांड्यावर नाव, अर्धंमुर्धं.
मी वाचलं. प्रज्योतने माझ्याकडे बघितलं.

ठकूबाई म्हणाली, हिच्यावरही मारा की पाणी.
काय घ्याल?
बारा.
तिने शेगडी उतरवली.

चाकांत एकसुद्धा केस नव्हता,
विटा लावलेल्या, कधीची फिरलीच नव्हती.
टाकीत पाणी बोटभर.
फेस लावला, मग दहा मिनिटं काहीच नाही,
त्या दहा मिनिटांत चहा झाला.
कप ठेवला, सळ्या धुतल्या, पंचवीसने, वरून खाली.
दांडा राहिला.
मावशी, प्रज्योत म्हणाला, नोझल बदलू?
बदल.
शून्याचा दे.

पुलावरून ट्रक जात होते,
आवाज त्यांच्यात मिसळून गेला.

दोन चहाचे वीस, ठकूबाईने बोटांवर धरले,
बारा गेले.
आठ द्या.

मी दिले.