मासा कुठाय?

कॅन्ससच्या ऐन मध्यावर,
जिथून कुठल्याही समुद्राला गाडीने दीड-दोन दिवस लागतात,
तिथे एल्डनने जेवणघरात पंचाहत्तर गॅलनची काच आणून ठेवली
आणि म्हणाला, "लोरीन, जरा टेबल सरकव."

चाळीस वर्षं हा माणूस धान्याच्या कोठारावर होता.
गहू तोलला, गव्हातली ओल मोजली.
बाकीचे निवृत्त झाल्यावर तळ्यावर गळ टाकून बसतात.
हा पाणी तयार करायला बसला.

आमच्या विहिरीचं चालत नाही म्हणे,
त्यात चुना, त्यात शेजारच्या मक्याचं खत.
सिंकखाली तीन पांढरी नळकांडी लागली,
त्यांतून थेंब थेंब
कशाचीच चव नसलेलं काहीतरी.

मग मीठ. बादलीभर.
रंग ढवळायच्या पट्टीने ढवळलं,
काट्यावर बघितलं, पुन्हा बघितलं,
आणि बोट बुडवून माझ्यासमोर धरलं:
"असंच असतं का?"
त्याने समुद्र पाहिलेला नाही.
मी गॅल्व्हस्टनला गेले होते, सतराव्या वर्षी, एकदाच.
मी चाखलं.
म्हटलं, "किंचित अजून."

वाळू ओतली तेव्हा सगळं दूध झालं.
दोन दिवस त्या धुक्याकडे बघत जेवलो.

दगड फ्लोरिडाहून आले, विमानाने,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तान्ह्या बाळांसारखे.
वास असा, की कुत्रं उठून पोर्चवर गेलं.
तिकडे खाणीतला कोरडा दगड समुद्रात टाकतात,
चार-पाच वर्षं ठेवतात, मग काढतात.
"म्हणजे शेतीच की," एल्डन खूश.
हे विरजण आहे, मला समजावलं,
आता नुसतं थांबायचं. हलवायचं नाही.

थांबलो.
बियाणे कंपनीच्या कॅलेंडरवर त्याचे आकडे:
अमोनिया चढला. अजून चढला.
चाचणीची नळी शेवाळी हिरवी.
"काहीतरी मरतंय," मी म्हटलं.
"मरू दे. त्यावरच पुढचं उठतं."

ॲग्नेस फानेनश्टील पाय घेऊन आली, चेरीचा.
काचेला नाक लावून म्हणाली, "मासा कुठाय?"
पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तीन जणांनी विचारलं.
मी काय सांगणार?
मी स्वतःच त्या टाकीला पाण्यात पाहत होते, हे कबूल.

पण एका रात्री तिसऱ्या प्रहरी
टिक्.
घड्याळ नाही. हीटर नाही.
टिक्.
टॉर्चला लाल कागद गुंडाळून दोघं अनवाणी उभे राहिलो.
खडकाच्या एका भोकातून केसाएवढे पाय बाहेर आले,
मागे गेले.
दुसरीकडे कुणीतरी पाच बाहू पसरून वाळूवर चाललं होतं,
नखाएवढं,
कुणाला न विचारता.
एल्डनने माझा खांदा घट्ट धरला,
जसा गारपिटीत धरायचा.

आमच्याकडे कुंपणाचे खांब दगडाचे.
माझे पणजोबा व्होल्गाकाठून इथे आले तेव्हा झाडंच नव्हती,
म्हणून जमिनीतून कापून काढले.
त्यांच्यात शिंपले आहेत, तळहाताएवढे.
शाळेच्या बसची वाट बघत मी त्यांच्यावर बोट फिरवायचे.
दगड म्हणजे असेच असतात, असं वाटायचं.

काल जाऊन पुन्हा हात ठेवला त्या खांबावर.
वारा होता. गहू लाटांनी वाकत होता,
आणि मी जरा मागेच सरकले,
पाय भिजतील म्हणून.

नळी आता पिवळी आहे.
खडकावर तपकिरी साय धरली होती, तीही उतरली.
मासा अजून नाही. ॲग्नेस विचारते.

दगडांभोवतीचा एक कागद मी तेव्हाच वाळवून
फ्रिजवर लावला होता.
त्यात तिकडच्या भरतीच्या वेळा आहेत,
कुठल्यातरी होऊन गेलेल्या मंगळवारच्या.
पहिली, सकाळी सहा एकोणीस.

एल्डन झोपलेला असतो.
सहा एकोणीसला मी पंप चालू करते.