अंगात कुठे धातू आहे का?

बुधवारचा शेवटचा रुग्ण,
हिलाल बिन मुबारक, वय एकोणीस, डावा गुडघा.
एका काखेत कुबडी, दुसऱ्या काखेत काका.
पायाच्या नखांत अजून किनाऱ्याची वाळू.

मी नेहमीचं विचारतो, मोडक्या अरबीत,
चौदा वर्षं तेच, तोंडपाठ :
घड्याळ? अंगठी? पाकीट?
अंगात कुठे धातू आहे का?
तो म्हणतो, "अजून नाही."

सूर गावात मैदान समुद्राच्या मालकीचं.
ओहोटी लागली की पोरं बांबू रोवतात,
फाटकी जाळी ओढून गोल करतात
आणि पाणी घोट्याला लागलं की सामना संपतो.
गेल्या शुक्रवारी पाणी अजून लांब होतं.
हिलाल वळला. पाय वळला नाही.
काका सांगतो, आवाज आला,
वाकवता वाकवता फळी जाते ना, तसा.
"तीस वर्षं होड्या बांधतोय. मला तिथंच कळलं."
त्याच्या दिशदाशाच्या खिशात
मस्कतच्या क्लबचं पत्र, चार घड्या घातलेलं.
रविवारी हजर व्हायचं होतं.
पत्र तो मला दाखवतो. का, कोण जाणे.
मी वाचल्यासारखं करतो.

यंत्र ठणठणत राहतं.
पडद्यावर गुडघ्याचे काप उतरतात,
पावाच्या लादीसारखे, एकामागून एक.
जिथं काळी ताठ दोरी हवी
तिथं भिजून उसवलेली सुतळी.
मला बोलायची परवानगी नाही.
मी तंत्रज्ञ, चित्रं काढणारा.

माझ्या गुडघ्याचं चित्र कुणी काढलंच नाही.
कोल्हापूर, पेठेविरुद्ध पेठ, सेमीफायनल,
त्यांचा बॅक रेड्यासारखा अंगावर आलेला.
हाडवैद्यानं अंडं फोडलं, हळद लावली,
करकचून पट्टी बांधली.
तालमीतले म्हणाले, "ऊठ मर्दा,
फायनलला तूच पायजेस."
उठलो की.
अकरा मिनिटं खेळलो.
मग मला खांद्यावर घेऊन नेलं,
आयुष्यात एकदाच,
आणि गर्दीतल्या कुणाला तरी वाटलं आम्ही जिंकलो,
त्यानं फटाक्यांची माळ लावली.

हिलाल बाहेर येतो. "दिसलं?"
"डॉक्टर सांगतील."
तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही,
मी दारापर्यंत कसा चालतो ते बघतो.
"तुझा कुठला?"
"उजवा. दोन स्क्रू."
"कुठल्या जागी?"
"राईट आऊट."
"मी लेफ्ट," तो म्हणतो,
आणि क्षणभर हिशेब करतो,
मधल्या रिकाम्या मैदानाचा,
"तू क्रॉस टाकला असतास,
मी डोक्यानं घेतला असता."
काकाला काही कळत नाही. तो हसतो,
पुतण्या पाच दिवसांनी हसला म्हणून.

ते जातात. डाव्या पायातली चप्पल
काकाच्या हातात.
गादीवर चिमूटभर वाळू राहिलेली.
झाडून टाकायला हवी, सकाळी आठला पहिला रुग्ण आहे.
मी दिवे मालवतो, पुन्हा लावतो.
जाताना काका सहजच बोलल्यासारखा बोलला होता,
उद्या ओहोटी साडेपाचला.